काना गावचं लग्न आणि कोल्हापुरातला हॉल

“प्रभूमध्ये सलाम. मी कोल्हापूरचा, वय २९. आमचं घर चार पिढ्यांपासून प्रॉटेस्टंट मंडळीत आहे आणि घरात दारूची बाटली कधी आलेली नाही. येत्या मे महिन्यात माझं लग्न आहे. मुलगी कॅथलिक, माहेर सावंतवाडीचं. त्यांच्याकडे रिसेप्शनला वाइनचा टोस्ट असतोच. होणारे सासरे म्हणतात, ‘येशूनेच लग्नात वाइन केली, मग तुम्हाला काय अडचण? बाटल्या आम्ही गोव्याहून आणतो.’ आजी म्हणते, ‘तो द्राक्षारस होता, दारू नव्हे. हॉलमध्ये बाटली दिसली की मी उठून घरी जाणार.’ आमचे पाळकसाहेब पाप म्हणतात, त्यांचे फादर पाप नाही म्हणतात. त्यात माझे धाकटे काका सात महिन्यांपासून दारू सोडून आहेत, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. शास्त्र नक्की काय सांगतं? आणि मी काय करू?”

— नाव छापू नये, कोल्हापूर

सलाम. आधी उत्तर देतो, कारणं मागून. मद्याचा घोट घेणं हेच पाप, असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. झिंगणं पाप आहे, असं मात्र ते पुन्हा पुन्हा आणि फार कडक शब्दांत म्हणतं. आणि तरीही तुमच्या हॉलमध्ये वाइन ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आजी रागावतील म्हणून नाही, पाळकसाहेबांना काय वाटेल म्हणूनही नाही. काकांसाठी.

आजींच्या म्हणण्यापासून सुरुवात करू, कारण निम्मा गोंधळ एका शब्दाचा आहे. आपल्या मराठी शास्त्रात ‘द्राक्षारस’ असं छापलेलं असतं. ‘रस’ म्हटलं की आपल्याला गुऱ्हाळावरचा उसाचा रस आठवतो, नाहीतर ताटातला आमरस. त्यामुळे द्राक्षारस म्हणजे द्राक्षं पिळून काढलेलं गोड पाणी, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला. मूळ हिब्रूत हा शब्द ‘याईन’ आहे आणि ग्रीकमध्ये ‘ओइनोस’. दोन्हींचा रोजच्या वापरातला अर्थ आंबवलेला, चढणारा द्राक्षारस असाच आहे. उत्पत्तीच्या ९व्या अध्यायात नोहा जे पिऊन तंबूत उघडा पडतो ते याईन, आणि पुढे १४व्या अध्यायात मलकीसदेक याजक अब्रामासाठी भाकरीबरोबर आणतो तेही याईनच. चांगल्या ठिकाणी आला तर रस आणि वाईट ठिकाणी आला तर दारू, अशी वाटणी मूळ भाषेत सापडत नाही.

दुसरी गोष्ट तर आजींनाही चटकन पटेल. सकाळी गाळलेला उसाचा रस उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर काय होतं? वर फेस येतो, वास आंबूस होतो. द्राक्षाच्या सालीवर किण्व, म्हणजे आंबवणारं यीस्ट, असतंच, त्यामुळे पिळलेला रस उबेत दिवसा-दोन दिवसांत आंबायला लागतो. त्या देशात द्राक्षांची खुडणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि ज्या सणात प्रभूचं शेवटचं भोजन झालं तो वल्हांडण येतो मार्च-एप्रिलात. मधे सहा-सात महिने जातात. एवढा काळ ताजा रस गोड राखण्याची सोय प्रभूच्या काळात नव्हती. रस आटवून काकवीसारखा पाक करायची पद्धत त्या लोकांना ठाऊक होती, पण सणाच्या पंगतीत प्यायचं पेय ते नव्हे. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल रागावतो, कारण प्रभुभोजनालाच, म्हणजे मंडळीच्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीलाच, एक जण उपाशी राहतो आणि दुसरा मस्त होतो, म्हणजे झिंगतो (१ करिंथकर ११:२१). साध्या रसाने कुणी मस्त होत नाही. येशूने जिथे पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नातला भोजनकारभारीही म्हणतो की लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात आणि पाहुणे भरपूर प्यायले की मग हलका काढतात. हे बोलणं चढणाऱ्या पेयाबद्दलच जुळतं.

म्हणजे सासरेबुवांचं बरोबर? एवढ्यापुरतं बरोबर आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करा. काना गावात सहा दगडी रांजण होते, प्रत्येकात दोन-दोन, तीन-तीन मण मावेल असे. मूळ ग्रीक माप धरलं तर सगळे मिळून साधारण पावणेपाचशे ते सातशे लिटर भरतात. स्तोत्र १०४ मध्ये माणसाच्या मनाला आनंद देणारा द्राक्षारस हे देवाचं देणं म्हणून मोजलं आहे. अनुवाद या पुस्तकातलं १४:२६ तर याहून पुढे जातं: दशमांशाच्या पैशातून द्राक्षारस किंवा मद्य हवं ते घ्या आणि देवापुढे कुटुंबासह आनंद करा. हे वचन मंडळीत फारसं वाचलं जात नाही, पण शास्त्रात आहे. प्रभू येशू खातपीत आला, म्हणून लोकांनी त्याला खादाड आणि दारुडा ठरवलं, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे (लूक ७:३४). त्याच्या आधीच्याच वचनात बाप्तिस्मा करणारा योहान द्राक्षारसाला शिवत नाही. एक घेणारा, एक न घेणारा, दोघेही देवाचे, आणि दोघांनी एकमेकांना नावं ठेवल्याचं कुठे दिसत नाही.

मात्र काना गावाचा दाखला टोस्टची परवानगी म्हणून वापरणाऱ्याने नीतिसूत्रांचा २३वा अध्यायही काढून वाचावा, २९ ते ३५ वचनं. हाय हाय कुणाला, भांडणं कुणाला, विनाकारण घाव कुणाला, डोळ्यांत लाली कुणाच्या? पेल्यात तांबडा दिसतो, घशाखाली सहज उतरतो, आणि शेवटी सापासारखा डसतो. मग पिणारा कसा दिसतो, तर समुद्राच्या मध्यावर, डोलकाठीच्या टोकाला निजलेल्या माणसासारखा. आणि अखेरीस तो स्वतःच बोलतो: मला मारलं पण लागलं नाही, मी शुद्धीवर कधी येईन, मी पुन्हा तेच शोधीन. अंगावर वळ आहेत, शुद्ध पुरती आलेली नाही आणि पहिला विचार पुढच्या पेल्याचा. व्यसनाचं याहून अचूक वर्णन आम्हाला दुसरीकडे सापडलेलं नाही, आणि ज्या घराने हे पाहिलं आहे त्याला त्यातली एकेक ओळ ओळखीची वाटेल. तुमच्या काकूंना विचारून बघा.

हबक्कूक २:१५ मध्ये शेजाऱ्याला पाजून मस्त करणाऱ्याला धिक्कार आहे. तिथे दोष पाजणाऱ्याच्या माथी आहे, हे यजमानाने लक्षात ठेवावं. पौल मद्यपींना देवाच्या राज्याचं वतन मिळणार नाही म्हणतो (१ करिंथकर ६:१०), इफिसकर ५:१८ मध्ये द्राक्षारसाने मस्त होऊ नका म्हणतो. आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याला ‘पोटासाठी थोडा द्राक्षारस घे’ म्हणणाराही तोच पौल आहे (१ तीमथ्य ५:२३). हे वचन पिणारे हमखास तोंडपाठ करून ठेवतात, पण त्यात दोन गोष्टी सहज निसटतात. तीमथ्य तोवर नुसतं पाणीच पीत होता, आणि पौलाने ‘थोडा’ म्हटलं आहे, तेही दुखण्यासाठी. त्याच पत्रात मंडळीचा अध्यक्ष मद्यपी नसावा, सेवक मद्यपानात रमणारे नसावेत, अशी अट आहे. अजिबात पिऊ नये, अशी अट नाही. पूर्ण वर्ज्य कुणाला होतं? नवस केलेल्या नाजीराला, त्याला तर मनुकेसुद्धा चालत नव्हते (गणना ६). दर्शनमंडपात सेवेला जाणाऱ्या याजकांना, तेवढ्या वेळेपुरतं (लेवीय १०:९). आणि रेखाबी घराण्याला, कारण त्यांच्या पूर्वजाने तसं सांगून ठेवलं होतं. यिर्मया संदेष्ट्याने त्यांच्यापुढे पेले भरून ठेवले तरी ते प्यायले नाहीत, आणि देवाने त्या निष्ठेबद्दल त्यांना शाबासकी दिली (यिर्मया ३५). तुमच्या घरात चार पिढ्या बाटली आली नाही, त्याला शास्त्रातला जवळचा दाखला हाच. घराण्याचा नेम मानाचा असतो; तो सगळ्या मंडळीवर देवाची आज्ञा म्हणून लादायचा नसतो, एवढंच.

आता एक हिशेब, जो या वादात कुणी मांडत नाही. दारू गाळण्याची भट्टी प्रभूच्या काळातल्या त्या देशात नव्हती. नुसतं आंबवून मद्यार्क १४-१५ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही, कारण तेवढ्यात किण्वच मरून जातं. शिवाय ग्रीक-रोमी काळात द्राक्षारस पाणी घालून प्यायचा रिवाज होता, आणि यहुदी रब्बींच्या ग्रंथात एका भागाला तीन भाग पाणी असं प्रमाणही येतं. १२ टक्क्यांचा द्राक्षारस असा कालवला तर पेल्यात तीनच टक्के उरतात. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. तेवढाच पोटात जायला तो कालवलेला द्राक्षारस अडीच लिटर प्यावा लागेल. ‘बायबलमध्ये पितात की’ असं म्हणत क्वार्टर फोडणाऱ्याला हा आकडा जरूर सांगा. वाइनचं तसं नाही. १३ टक्क्यांच्या वाइनचा ७५ मिलिलिटरचा टोस्ट म्हणजे साधारण १० मिलिलिटर मद्यार्क. त्याने धडधाकट माणूस झिंगत नाही, आणि सासरेबुवा जे मागत आहेत ते एवढंच आहे. त्यांना दारुबाज समजू नका.

मग पाळकसाहेब आणि फादर यांच्यात एवढं अंतर का? दोघांचं शास्त्र एक आहे, पण परंपरेची वाट वेगळी आहे. प्राचीन मंडळीने मद्याला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांना विरोधच केला. प्रभुभोजनात नुसतं पाणी वापरणाऱ्यांविरुद्ध तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने लांबलचक पत्र लिहिलं. द्राक्षारस देवाचा, झिंगणं सैतानाचं, असं प्राचीन मंडळीतला उपदेशक ख्रिसोस्तोम शिकवायचा. सहाव्या शतकात मठांचे नियम लिहिणाऱ्या बेनेडिक्टने मठवाशांसाठी द्राक्षारसाचं दिवसाचं माप ठरवून दिलं, आणि ज्याला वर्ज्य करण्याचं बळ मिळालं त्याला वेगळं प्रतिफळ आहे असंही लिहिलं. कॅथलिक मंडळी आजही तिथेच आहे: मिस्सेसाठी, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी, द्राक्षापासून केलेला, निर्भेळ, न बिघडलेला द्राक्षारसच लागतो, त्यात पाण्याचे थेंब घालतात, आणि अतिरेक मात्र पाप. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरच्या घरी तर त्याची बायको बिअर बनवायची.

कोल्हापूरची प्रॉटेस्टंट मंडळी वेगळ्या ओघातून आली. १८५२ साली इथे आलेले रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी, आणि पुढे हे मिशन अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे गेलं. त्या काळी अमेरिकेतल्या चर्चमध्ये दारूबंदीची लाट जोरात होती. १८२६ साली तिथे पहिली मोठी संयम संस्था, म्हणजे दारूपासून दूर राहा असं सांगणारी संस्था, निघाली. सुरुवातीला विरोध फक्त गाळीव दारूला होता. दहा-पंधरा वर्षांत तो बिअर-वाइनलाही लागू झाला आणि लोक शपथपत्रावर सह्या करू लागले. १८६९ साली थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची नवी पद्धत वापरून द्राक्षांचा रस तापवून बाटलीबंद केला, कशासाठी, तर प्रभुभोजनात न आंबलेला रस देता यावा म्हणून. आपल्याकडे पुष्कळ मंडळ्यांत काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून रस करतात, त्याचं मूळ त्या विचारात आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा त्याही तिथल्या स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेशी जोडल्या गेल्या. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) तर आजही सैनिक होताना दारू न पिण्याचं वचन द्यावं लागतं.

म्हणजे आजींचा नेम थेट शास्त्रातल्या शब्दातून आलेला नाही. तो या इतिहासातून आला आहे. पण म्हणून तो हलका होत नाही. पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानात रिकामे होणारे खिसे, मारहाण, उपाशी पोरं, हे बघून त्या काळच्या बायांनी दाराशी जी रेघ ओढली तिने घरं वाचवली. त्या रेघेचा मान ठेवा. ‘द्राक्षारस म्हणजे रस’ हे मात्र तुम्ही स्वतः पुढे सांगत राहू नका, कारण तुमची मुलं उद्या मूळ अर्थ वाचतील आणि मग बाकीच्या शिकवणीवरचाही त्यांचा विश्वास उडेल.

आता मुद्द्याचं वचन: रोमकर १४. रोमच्या मंडळीत मांस आणि द्राक्षारस यांवरून असाच वाद होता. पौल दोन्ही बाजूंना बांधतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये (वचन ३). पहिला अर्धा भाग सासरेबुवांसाठी, दुसरा आजींसाठी. मग २१वं वचन: मांस न खाणं, द्राक्षारस न पिणं, ज्याने तुझा भाऊ अडखळतो ते काहीच न करणं चांगलं.

या वचनाचा गैरवापरही फार होतो. ज्याला एखादी गोष्ट आवडत नाही तो ‘मला अडखळण होतं’ म्हणून सगळ्यांना थांबवतो. अडखळणं म्हणजे नापसंती नव्हे. दुसऱ्याचं बघून स्वतःच्या विवेकाविरुद्ध जाणं आणि पडणं, हा त्याचा अर्थ. हॉलमध्ये वाइन दिसली म्हणून आजी काही प्यायला लागणार नाहीत. त्यांना दुःख होईल, आणि ते टाळावं हे खरं, पण त्यांच्यासाठी पौलाने ही ओळ लिहिलेली नाही. ती काकांसाठी लिहिलेली आहे. सात महिने म्हणजे थोडे नव्हेत आणि पुष्कळही नव्हेत. ओळखीचा वास, हातात काचेचा ग्लास, ‘आज पुतण्याचं लग्न, एक घोट घे की’ म्हणणारा कुणीतरी जुना दोस्त. घसरायला एवढं पुरतं.

काकांच्या गोळ्यांचं नाव आजच पाहून घ्या. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असेल तर दारूशी थेट झटापट होत नाही. डायसल्फिरम असेल तर मात्र फार जपावं लागतं. हे औषध दारू पचवण्याची वाट मधेच अडवतं, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष रक्तात साठतं. थोडीशी दारू पोटात गेली तरी साधारण १० ते ३० मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. असं काही झालंच तर लिंबूपाणी देत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि दारू नुसती ग्लासात नसते. सावंतवाडीकडच्या लग्नाच्या केकमध्ये रममध्ये मुरवलेला सुका मेवा असतो, पुष्कळदा भाजल्यावर वरून पुन्हा रमचा हात फिरवतात. भट्टीत सगळी दारू उडून जाते हा गैरसमज आहे. केक सांगतानाच मेवा संत्र्याच्या रसात भिजवायला सांगा. काही खोकल्याची औषधं आणि टॉनिकं यांतही दारू असते. मंडळीत प्रभुभोजनाला खरी वाइन देत असतील तर पाळकसाहेबांना आधी कळवा, त्यांच्यासाठी रसाचा वेगळा पेला ठेवता येतो. कॅथलिक मिस्सेत नुसती भाकर घेतली तरी ख्रिस्त पूर्णपणे स्वीकारला जातो, ही त्यांची जुनी शिकवण आहे, त्यामुळे तिकडेही कुणावर पेल्याची सक्ती नसते. तुम्हाला स्वतःला लग्नविधीत चषकातून प्यावं लागेल अशी धास्ती असेल तर ती सोडा. अशा मिश्र विवाहात बहुधा मिस्सेशिवायच विधी करतात. फादरना एकदा विचारून घ्या म्हणजे झालं.

गोव्याच्या बाटल्यांचा विषय तर कायद्यानेच संपतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. गोव्यातली दारू परवान्याशिवाय आंबोली घाटाने वर आणणं गुन्हा आहे, गाडीसकट जप्ती होते, आणि लग्नाच्या गाडीत बाटल्या सापडल्या तर नवरीच्या भावाची वरात आधी चौकीत जाईल. हॉलमध्ये मद्य द्यायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो, हॉलवाल्याची संमतीही लागते. वयाची अट वेगळीच: वाइन-बिअरला २१, बाकीच्या दारूला २५. सासरेबुवांशी बोलताना हा मुद्दा शेवटी काढा. आधी काढलात तर त्यांना वाटेल, तुम्ही कायद्याआड लपताय.

आधी काय सांगायचं? एकटे जाऊन, फोनवर नव्हे, सावंतवाडीला त्यांच्या घरी बसून खरं तेच सांगा. आधी होणाऱ्या बायकोला विश्वासात घ्या आणि काकांचीही परवानगी घ्या, कारण गोष्ट त्यांची आहे. “पप्पा, काना गावचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी ते पाप मानत नाही. पण आमचे काका सात महिने झगडताहेत. त्यांना त्या दिवशी माझ्या शेजारी उभं राहता यावं, म्हणून तुमची मदत मागायला आलो.” घरचे मोठे म्हणून मदत मागितली की माणूस सहसा नाही म्हणत नाही. त्यांच्या घरी, त्यांच्या अंगणात लग्नाआधी ते आपला टोस्ट करणार असतील तर करू दे. तिथे तुम्ही घोट घ्यायचा का? मनात शंका असेल तर घेऊ नका. शंका धरून जे केलं जातं ते पाप, असं त्याच अध्यायाचं शेवटचं वचन सांगतं. मन स्वच्छ असेल तर त्या घरी तुम्हाला मोकळीक आहे. पण मग कोल्हापुरात येऊन ती लपवू नका.

टोस्ट मात्र रद्द करू नका. तो त्यांचा आशीर्वाद द्यायचा मानाचा रिवाज आहे. ग्लास तेच, बोलणार सासरेबुवाच, उभे राहणार सगळेच. ग्लासात काय, तर आमची सूचना कोकम सरबताची आहे. मे महिन्यात तासगावकडची ताजी द्राक्षं संपत आलेली असतात आणि कोकम सावंतवाडीचंच, त्यांच्याच मातीतलं. लालभडक रंग टोस्टला शोभतो. ३०० पाहुण्यांना प्रत्येकी ७५ मिलिलिटर धरलं तर साडेबावीस लिटर होतं: साडेचार लिटर अमृत कोकम आणि १८ लिटर गार पाणी, वर चवीपुरतं मीठ आणि जिऱ्याची पूड. अमृत कोकमच आणा, आगळ नव्हे. आगळ खारट असतं, त्याचं सरबत करायला गेलात की साखरेचा अंदाज चुकतो. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नका, आंबटपणाने भांडं सुटतं आणि चव बिघडते. स्टीलचं पिंप घ्या. बर्फ पिंपात टाकलात तर तासाभरात पाणचट होतं, म्हणून पाणीच आधी गार करा. आणि टोस्टच्या तासभर आधी कालवा, सकाळी नको. घट्ट पाक साखरेमुळे टिकतो, पण पाणी पडल्यावर मेच्या उकाड्यात तोही फसफसायला लागतो.

एक गोष्ट केटररला लिहून द्या: ट्रे एकाच प्रकारचे फिरतील. ‘ज्येष्ठांसाठी थोडी वाइन वेगळी ठेवू’ असं कुणीतरी शेवटच्या दिवशी सुचवेलच. रंग सारखा, ग्लास सारखे, गर्दी तीनशेची आणि वाढपी पोरगं नवीन. काकांच्या हातात कुठला ग्लास जाईल ते कुणीच सांगू शकणार नाही. सासरेबुवांचा ग्लास आणि काकांचा ग्लास एकाच पिंपातून भरा.